मोबाईलचा डेटा घराचे इंटरनेट होऊ शकतो काय?

गेल्या आठ-दहा वर्षांत छोट्या व्यापाऱ्याची अर्धी वही मोबाईलमध्ये गेली आहे. मालाचे नमुने व्हॉट्सॲपवर जातात, पैसे यूपीआयने येतात आणि जीएसटीचे विवरणपत्र संकेतस्थळावर भरावे लागते. घरात किंवा दुकानात वेगळे इंटरनेट घेतलेले लोक मात्र आजही थोडेच आहेत. बहुतेकांचे इंटरनेट म्हणजे खिशातला मोबाईल. त्याचा हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉप चालतो, मुलांचा अभ्यास होतो आणि घरी बसून जरीकाम किंवा शिलाई करणाऱ्या भगिनींच्या कामाचे फोटो गिऱ्हाईकापर्यंत पोहोचतात. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु ती किती ताणावी, तिचा खरा खर्च किती आणि ती कोठे दगा देते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो आज मांडून पाहू.

मालेगावातील आमच्या परिचयाचे एक कारखानदार आहेत. थोडे माग, कापडाचा व्यवहार, हिशेबाचे काम थोरला मुलगा घरी लॅपटॉपवर करतो. एका महिन्याच्या २० तारखेला ते सुताच्या कामासाठी भिवंडीला गेले. मुलाने दुपारी विवरणपत्र भरायला घेतले तेव्हा त्याच्या लक्षात आले की घरातले इंटरनेट अब्बांच्या खिशातून भिवंडीला गेले आहे. सही करण्यासाठी लागणारा ओटीपीही त्याच मोबाईलवर येणार. शेजाऱ्याचा हॉटस्पॉट मागून घेतला, भिवंडीला फोन लावला. अब्बा बाजारात, फोन उचलेनात. काम रात्री साडेअकराला झाले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते. रक्कम मोठी नाही, पण त्या दिवशी त्या घरात जो आरडाओरडा झाला त्याची किंमत वेगळी. आणखी एक गोष्ट मागाहून कळली. घरातल्या सुनेने एका ग्राहकाला दुपट्ट्यांचे नमुने पाठवायचे होते, तेही राहिले. तिचे काम असेच दर आठवड्याला अडत होते. ती बोलली नव्हती इतकेच.

येथे इंटरनेट बिघडले नव्हते. मांडणी चुकली होती. मोबाईलचा डेटा घरासाठी वापरण्यात गैर काही नाही, पण घराचे इंटरनेट आणि मालकाचा खिसा या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बाकीचे सर्व त्यानंतर येते.

हॉटस्पॉट म्हणजे नेमके काय

आपल्या देशात मोबाईल आणि इंटरनेट एकाच वर्षी, एकमेकांपासून अलग असे आले. मोबाईलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेही टेलिफोनच्या तारेवरून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे भाव कोसळले, आणि ज्या घरात टेलिफोनची तार कधी पोहोचली नव्हती तेथे इंटरनेट थेट टॉवरवरून आले.

हॉटस्पॉट चालू केल्यावर मोबाईल दोन कामे एकाच वेळी करतो. एका बाजूने तो टॉवरशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने वाय-फायद्वारे घरातल्या यंत्रांना वाटप करतो. म्हणजे तो घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलून गल्लीत किरकोळ विकणारा दुकानदार झाला. दोन्हीकडची धावपळ एकट्याने करावी लागल्यामुळे तो तापतो आणि त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. दिवसभर चार्जरला लावून, तापलेल्या अवस्थेत हॉटस्पॉट चालू ठेवला तर बॅटरी फुगण्याची भीती असते. मागची बाजू उचललेली दिसली की तो मोबाईल वापरणे ताबडतोब बंद करावे. त्यावर वजन ठेवून दाबण्याचा प्रयोग काही लोक करतात. तो आगीशी खेळ आहे.

एकाच लॅपटॉपवर काम करायचे असेल तर वाय-फायपेक्षा तार बरी. चार्जिंगची केबल लॅपटॉपला जोडून मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. जोडणी पक्की राहते, मोबाईल कमी तापतो आणि गल्लीतल्या दहा वाय-फायच्या गर्दीचा त्रास होत नाही. हा पर्याय प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलमध्ये आहे, पण दहापैकी आठ जणांनी तो उघडून पाहिलेला नसतो.

जागा शोधणे हेच अर्धे काम

"भाई, आमच्याकडे नेटवर्क फुल आहे, पण पान उघडत नाही," ही तक्रार यंत्रमागाच्या वस्तीत नेहमी ऐकू येते. मोबाईलवरच्या रेघा फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. त्या टॉवरवर किती लोक लटकले आहेत हे त्या सांगत नाहीत. भर बाजारात रस्ता रुंद दिसला तरी गर्दीत हातगाडी पुढे सरकत नाही, तसे हे आहे.

यात वारंवारतेचाही भाग आहे. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांची वाहून नेण्याची ताकद मर्यादित असते. २३०० मेगाहर्ट्झच्या आणि फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी पुष्कळ डेटा वाहतात, परंतु जाड भिंत आली की दमतात. पत्रा तर त्यांना जवळपास अडवतोच. पत्र्याचे छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि मध्ये लोखंडी माग अशा कारखान्यात बसून फाइव्ह-जीचा वेग मिळत नाही म्हणून कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. जागा बदलून पाहावी.

पद्धत साधी आहे. वेग मोजणारे एखादे ॲप घ्यावे. घरातल्या चार जागा निवडाव्यात: टॉवरच्या दिशेची खिडकी, वरच्या मजल्याचा जिना, माळा आणि जेथे आपण नेहमी बसतो ती खोली. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजून कागदावर लिहावा. डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही लिहावा, कारण नमुन्याचे फोटो पाठवणाऱ्याला अपलोडशीच काम असते आणि मोबाईल नेटवर्कवर तो नेहमी कमी असतो. मालेगावात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते; त्या दिवशी सगळा मोहल्ला घरी असतो, तेव्हा एक मोजणी त्याही दिवशी करावी. शेजाऱ्यांकडची दोन वेगळ्या कंपन्यांची सिम मागून घेऊन हीच मोजणी केली तर आपल्या गल्लीत कोणाचे सिम घ्यावे हे जाहिरातीपेक्षा जास्त खात्रीने कळते. एवढी चिकाटी आपण सुताचा भाव विचारताना दाखवतोच.

डेटा कोठे मुरतो

रोज दीड किंवा दोन जीबी मिळणाऱ्या योजनांमध्ये मर्यादा संपली की इंटरनेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे किती? तारेवरच्या जुन्या मोडेमचा कमाल वेग ५६ केबीपीएस होता. त्याहून जेमतेम जास्त. कापडाची वीण दिसावी म्हणून मूळ आकारात पाठवलेला ३ एमबीचा एक फोटो या वेगाने जायला सव्वासहा मिनिटे लागतात. दहा नमुने असतील तर तास गेला. यूपीआयचा व्यवहार मात्र फार थोड्या डेटात होत असल्याने धिम्या वेगातही बहुधा पार पडतो. दुकानातल्या पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या डबीत तर तिचे स्वतःचे सिम असते. तिला आपल्या हॉटस्पॉटची गरज नाही.

दोन जीबी जातात कोठे, हा प्रश्न घरोघरी भांडणाचा विषय झाला आहे. दोष बहुधा मुलांवर येतो. व्हिडिओ मध्यम दर्जात पाहिला तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो आणि उच्च दर्जात दीड जीबीच्या पुढे, ही गोष्ट खरी. व्हिडिओचा दर्जा ४८० वर ठेवण्याची सवय लावली तर शिकवणीचे दोन तास आरामात बसतात. पण दुसरा चोर शांत असतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट हे साधे वाय-फाय वाटते, आणि वाय-फाय म्हणजे फुकट असे समजून विंडोज आपले अद्ययावतीकरण उतरवू लागते. दुसरा मोबाईल जोडला तर त्यातले सारे फोटो वर चढू लागतात. यासाठी विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या जोडणीला मीटर्ड कनेक्शन अशी खूण करावी, फोटोंचा आपोआप होणारा साठा बंद करावा आणि व्हॉट्सॲपमधले आपोआप उतरणारे व्हिडिओ थांबवावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

कारखान्यातील कॅमेऱ्यांबद्दल वेगळे सांगावे लागेल. एका कॅमेऱ्याचे चित्र १ एमबीपीएस वेगाने सतत मोबाईलवर पाहिले तर तासाला ४५० एमबी जातात. दोन जीबी साडेचार तासांत साफ. कॅमेऱ्याची नोंद पेटीतल्या डिस्कवर होते, तिला इंटरनेट लागत नाही. तेव्हा गरज असेल तेव्हाच दोन मिनिटे चित्र पाहावे. शिवाय मोबाईल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे कॅमेरा बसवणारा कारागीर जुन्या पद्धतीने पत्ता टाकून पेटी जोडू पाहील तर ती लागणार नाही. पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपवरून क्यूआर कोडने जोडावी लागते.

आता 'अमर्याद फाइव्ह-जी' या शब्दाकडे वळू. जुलै २०२४ च्या भाववाढीनंतर जिओने ही सवलत रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा असलेल्या योजनांपुरती ठेवली. यात मेख अशी की फाइव्ह-जीवर असेपर्यंतच वापर मोजला जात नाही. घराच्या आतल्या खोलीत सिग्नल घसरला की मोबाईल गुपचूप फोर-जीवर येतो आणि रोजचा कोटा खाऊ लागतो. मालक समजतो अमर्याद आहे, आणि संध्याकाळी वेग ६४ वर आलेला असतो. पुन्हा, अशा सवलती वैयक्तिक वापरासाठी दिलेल्या असतात. त्यावर दहा यंत्रांचा कारखाना चालवून कोणी अडचणीत येऊ नये. अटींचे पान वाचावे. कंटाळवाणे असते, पण करारनामा आहे तो.

वेगळे सिम आणि त्याचा हिशेब

आमच्या कारखानदारांनी शेवटी केले ते असे. एक वेगळे सिम घेतले आणि सिम टाकायचा फोर-जी राऊटर आणून मोजणीत सर्वांत बऱ्या ठरलेल्या जिन्याच्या खिडकीत वर बसवला. साधा राऊटर तीन हजारांच्या आतबाहेर येतो. त्याला बॅटरी नसते, म्हणून फुगण्याची भीती नाही. मागे तारेची खाच असते, त्यात कॅमेऱ्याची पेटी जोडता येते. ज्यांना हा खर्च नको त्यांनी घरात पडलेला जुना पण धड बॅटरीचा फोर-जी मोबाईल खिडकीत ठेवला तरी चालेल. मात्र त्यात बँकेचे ॲप, कौटुंबिक फोटो काहीही ठेवू नये.

खर्च पाहू. रोज २ जीबीची जिओची २८ दिवसांची योजना जुलै २०२४ मध्ये ३४९ रुपये झाली. अठ्ठावीस दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १३ गुणिले ३४९ म्हणजे ४,५३७ रुपये. उलट बाजूला फायबरची ४०० रुपये महिन्याची योजना धरली तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ४७२ गुणिले १२ म्हणजे ५,६६४ रुपये. वर्षाचा फरक ११२७ रुपयांचा. मोबाईल रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो आणि फायबरच्या जाहिरातीत तो नसतो, म्हणून तुलना करताना पुष्कळ लोक फसतात. भाव पुढेमागे होतील, आकडेमोडीची ही रीत तीच राहील.

जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्यांसाठी आणखी एक पायरी आहे. फायबरची जोडणी पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांक देऊन घेतली तर धंद्यासाठी होणाऱ्या वापरापुरता भरलेला कर वजा मिळतो. पूर्ण ७२ रुपये वजा झाले तर वर्षाचा खर्च ४,८०० वर येतो आणि फरक अवघा २६३ रुपये उरतो. किरकोळ दुकानातून मारलेल्या रिचार्जचे असे बिल सहसा हाती येत नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना मात्र ही वजावट मिळत नाही, त्यांनी पूर्ण रक्कमच खर्च म्हणून धरावी.

तेव्हा ज्यांच्या गल्लीत फायबर पोहोचले आहे आणि घरात रोज दोन-तीन जणांचे काम इंटरनेटवर आहे त्यांनी फायबरच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवसाला दोन जीबी म्हणजे महिन्याला साठ. फायबरची मर्यादा याच्या अनेक पटींनी जास्त असते. मोबाईलचा डेटा खरा कामाचा आहे तो जेथे तार येत नाही तेथे, भाड्याच्या खोलीत, जत्रा-प्रदर्शनातल्या गाळ्यावर, किंवा ज्याचे काम दिवसाला तासाभराचे आहे त्याला. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी एअरफायबर या नावाने मधला मार्ग काढला. गच्चीवर डबा बसवून फाइव्ह-जीचा सिग्नल घेतात आणि तार खाली राऊटरपर्यंत आणतात. तत्त्व आपल्या खिडकीतल्या मोबाईलचेच. फक्त कान मोठा आणि छपराच्या वर. पत्र्याच्या घरांसाठी ही व्यवस्था विचार करण्याजोगी आहे, पण आपल्या छपरावर सिग्नल येतो का हे बसवणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी दाखवले पाहिजे असा आग्रह धरावा.

वेगळे सिम घेताना एक काळजी. आपल्या आधारवर आधीच किती सिम चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊ सिमची मर्यादा आहे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार मर्यादा ओलांडल्यास पहिल्यांदा ५०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी २ लाखांपर्यंत दंड आहे. आपण कधी न घेतलेला क्रमांक यादीत दिसला तर तेथेच तक्रार नोंदवून तो बंद करून घ्यावा.

ही गोष्ट गंभीरपणे घेण्याचे कारण असे की सिम ज्याच्या नावाने, त्यावरून होणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पहिली चौकशी त्याच्याकडे येते. मागावरच्या कारागिरांना, समोरच्या दुकानदाराला, पाहुण्याला माणुसकीने पासवर्ड दिला जातो. पुढे त्या जोडणीवरून कोणी कोणाला फसवले, कोणी भलता मजकूर पाठवला, तर पोलीस ज्याच्या दारात येतात तो तुम्ही असता. तुमचा त्याच्याशी संबंध नव्हता हे तुम्हालाच पटवून द्यावे लागते. म्हणून हॉटस्पॉटला खुले ठेवू नये, एक ते आठ आकड्यांचा पासवर्ड ठेवू नये, आणि माणूस काम सोडून गेला की पासवर्ड बदलावा. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवण्याची सोय असते, पण जबाबदारी त्याचीही आपलीच. कारागिरांना नकार देणे जड जात असेल तर त्यांच्या रिचार्जला थोडा हातभार लावणे अधिक सुरक्षित.

वीज गेली तर? राऊटर बंद पडतो, फायबरचाही आणि सिमचाही. बारा व्होल्टची लहान बॅटरी-पेटी मिळते, तिच्यावर राऊटर दोन-तीन तास चालतो. घेताना राऊटरच्या चार्जरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते पाहावे. नऊ व्होल्टच्या राऊटरला बाराची पेटी लावून तो जाळलेले दोन जण आम्हाला माहीत आहेत. आणि फायबर घेतल्यावरही ते वेगळे सिम फेकू नये. गटारीच्या खोदकामात तार तुटली की दुरुस्तीला दोन दिवस लागतात. आमच्या त्या कारखानदारांकडे आता फायबर आले आहे. राऊटर जिन्यातच आहे, सिमवर लहान रिचार्ज असतो, आणि ओटीपीचा क्रमांक अब्बांच्या खिशातच राहिला असला तरी महिन्याच्या १८ तारखेनंतर ते भिवंडीला जात नाहीत.